नाव इरावती

गेल्या वर्षी आम्हाला नात झाली. सूनबाई बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी आणि आम्ही साताऱ्याला. बारसं बाराव्या दिवशी ठरलं आणि तोवर दोन्ही घरांतले फोन एकाच विषयावर खणखणत राहिले. विहीणबाईंनी पत्रिकेवरून आद्याक्षर काढून ठेवलं होतं. माझ्या मुलानं मोबाइलवर शोधून नावांची लांबलचक यादी केली होती, पण त्यातल्या निम्म्या नावांचे अर्थ मला कोशात सापडत नव्हते. सूनबाई मात्र पहिल्या दिवसापासून एकाच नावावर ठाम होती. इरावती.

नावाला विरोध कुणाचाच नव्हता, पण हरकती सगळ्यांच्या होत्या. नाव फार लांब आहे. हल्लीच्या मुलींची नावं दोन अक्षरी असतात, तेव्हा नुसतं इरा ठेवा. ऐकायला जुनं वाटतं. शेवटी कुणीतरी माझ्याकडे वळलं. तुम्ही लेखक ना, मग तुम्हीच सांगा या नावाचा अर्थ काय आणि ते आलं कुठून. मी सांगायला बसलो खरा, पण ते सांगणं बारशापुरतं राहिलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी अर्थ. 'इरा' हा संस्कृतातला जुना शब्द. पाणी, तृप्त करणारं पेय, अन्नाचा रस असा त्याचा भाव. अमरकोशात त्याचे चार अर्थ दिले आहेत : पृथ्वी, वाणी, मद्य आणि पाणी. (यातला तिसरा अर्थ मी विहीणबाईंना सांगितला नाही.) इरा जिच्यापाशी आहे ती इरावती, म्हणजे पाण्यानं भरलेली. नदीला याहून सरळ नाव कुठलं असणार? पंजाबातली रावी ही पूर्वीची इरावतीच. वेदांत तिला परुष्णी म्हटलं आहे, पुढे ती इरावती झाली आणि लोकांच्या तोंडी घासून घासून रावी उरली. रामायणातल्या एका वंशकथेप्रमाणे इंद्राचा ऐरावत हा इरावतीचा मुलगा. अर्जुनाला उलूपीपासून झालेला मुलगा इरावान. आणि हाच शब्द संस्कृत-पालीच्या वाटेनं पूर्वेकडे गेला आणि ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, सर्वांत मोठ्या नदीचं नाव झाला. दोन हजार किलोमीटरांहून लांब वाहत, मंडालेवरून खाली येत ती अंदमानच्या समुद्राला मिळते.

आता प्रसार. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. खातं उघडण्याचे फॉर्म तपासण्यात त्यातली बरीचशी गेली. या कामात एक कसब अंगी येतं. नाव वाचलं की बाईच्या जन्मसालाचा अंदाज बांधता येतो. शकुंतला, मालती, सुशीला यांची एक पिढी. सुनीता, संगीता, अनिता यांची दुसरी. मग स्नेहल, प्रियांका, पुढे अनन्या आणि आर्या. नावांनाही ऋतू असतात. पण इरावती हे नाव छत्तीस वर्षांत माझ्या टेबलावर फक्त दोनदा आलं. त्यातली एक बाई १९६९ साली जन्मलेली होती. तिचे वडील मराठीचे प्राध्यापक होते, हे कळल्यावर मी मनाशी हसलो. आदल्या वर्षी इरावती नावाच्या लेखिकेच्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. आज नाटककार इरावती कर्णिक, अभिनेत्री इरावती हर्षे अशी नावं आपण ऐकतो, आणि इरा तर आमच्या सोसायटीतच दोन आहेत. तरीही पूर्ण इरावती विरळाच. आणि कुणी हे नाव उच्चारलं की माझ्या पिढीच्या मराठी माणसाला पुढचं आडनाव आपोआप आठवतं : कर्वे.

इरावतीबाई गेल्या त्या ११ ऑगस्ट १९७० ला. मी तेव्हा शाळेत होतो. त्यांना पाहिल्याचं भाग्य माझ्या वाट्याला आलं नाही. पण बारशाच्या निमित्तानं मी त्यांची पुस्तकं पुन्हा काढून बसलो आणि लक्षात आलं, की या बाईंचं सगळं आयुष्यच एका अर्थी नावांच्या अवतीभवती वाहिलेलं आहे.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंजान गावचा. हे गाव इरावती नदीच्या काठावर. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. त्यांनी मुलीला नदीचंच नाव दिलं. त्या काळाचा योगायोग पाहा. इंग्रजांनी १८८५ साली ज्याला पदच्युत करून याच नदीतून बोटीनं नेलं, तो ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा तेव्हा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत दिवस काढत होता. पुढे १९०८ पासून सहा वर्षं टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. त्या नदीचा राजा इकडे कोकणात, आपला पुढारी तिकडे कैदेत, आणि पोटापाण्यासाठी गेलेल्या एका मराठी कुटुंबात त्या नदीचं नाव घेऊन एक मुलगी खेळत होती. घरात तिला इरू म्हणत.

सातव्या वर्षी इरूला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवण्यात आलं. आईवडील समुद्रापलीकडे, आणि मुलगी सुट्टीतही घरी जाऊ न शकणारी. इथे तिच्या आयुष्याला पहिलं वळण मिळालं. रँग्लर परांजपे यांची मुलगी शकुंतला हिच्याशी मैत्री झाली आणि परांजप्यांनी या मुलीला आपल्याच घरी ठेवून घेतलं. फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्यांचं ते घर. पुस्तकं, वादविवाद, देवाधर्माबद्दल निर्भीड मतं, शिस्त आणि माया. करमरकरांची मुलगी परांजप्यांकडे वाढली आणि दोन्ही घरांची झाली. रक्ताचं नातं आणि मानलेलं नातं यांत काय फरक असतो, हे तिनं शास्त्र म्हणून शिकण्याच्या कितीतरी आधी अंगावर घेतलं होतं.

१९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या फर्ग्युसनमधून पदवीधर झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्रात एम.ए. केलं. याच काळात त्यांचं लग्न झालं, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. वडिलांना हे स्थळ फारसं रुचलं नव्हतं. मुलगी एखाद्या संस्थानिकाच्या घरी पडावी असं त्यांच्या मनात होतं. मुलगी पडली ती महर्षी कर्व्यांच्या घरी. तिथे मोठेपण अलोट होतं, पण पैसा संस्थांकडे जात होता.

आता या लग्नातली एक गोष्ट सांगायची आहे. ती चरित्रांत ओझरती येते, पण माझ्या मनात ती घर करून बसली आहे.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात एक विचित्र सूचना आहे. नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी करू नये असं तिथे म्हटलं आहे. आपल्या लोकांनी ही सूचना साफ कानाआड केली. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, कावेरी या नावांशिवाय महाराष्ट्रातलं एकही जुनं घर सापडायचं नाही. पण नदीचं नाव घेऊन आलेल्या मुलीचं ते नाव सासरी टिकू द्यायचं नाही, ही रीत मात्र आपण इमानानं पाळली. पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरच्या यमुनाच. आणि खुद्द महर्षी कर्व्यांनी १८९३ साली ज्या विधवेशी पुनर्विवाह करून गावाचा बहिष्कार ओढवून घेतला, त्या गोदूबाई, म्हणजे गोदावरी, लग्नानंतर आनंदीबाई झाल्या. एवढं मोठं बंड करणाऱ्या घरातही नाव बदलण्याची रीत सुटली नव्हती.

त्याच घरात पुढच्या पिढीत एक इरावती आली आणि ती इरावतीच राहिली. सासूबाईंची गोदावरी मागे राहिली, सुनेची इरावती तशीच वाहत आली. याचा कुणी गाजावाजा केला नाही. नवरा बायकोला इरू म्हणे, बायको नवऱ्याला दिनू म्हणे. पुण्यात त्या काळी बायको नवऱ्याला चारचौघांत नावानं हाक मारते, याचंच लोकांना केवढं अप्रूप आणि केवढा रागही. त्यात बाई कुंकू लावत नाहीत, मंगळसूत्र घालत नाहीत, आणि पुढे तर स्कूटर चालवतात. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणून आजही त्यांचं नाव घेतात.

इथे मला थोडं स्वतःबद्दल बोलणं भाग आहे.

माझं लग्न १९८६ साली झालं. बायकोचं माहेरचं नाव नर्मदा, आजीचं ठेवलेलं. मी तेव्हा बँकेतला नवा अधिकारी आणि त्याहून नवा लेखक. पहिली कादंबरी लिहीत होतो, तिच्या नायिकेचं नाव स्नेहल. लग्नात ताटात तांदूळ पसरून समोर ठेवले, हातात अंगठी दिली आणि मी मोठ्या ऐटीत 'स्नेहल' लिहिलं. नर्मदा कुणाला आवडत नव्हतं असंही नाही. मला ते जुनाट वाटलं, एवढंच. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. ती कादंबरी कधी छापली गेली नाही. नाव मात्र माणसाला चिकटलं.

आठ वर्षांनी सासरे गेले. त्यांच्या कपाटात मुदत ठेवीची एक पावती निघाली, लेकीच्या कुमारपणीच्या नावानं केलेली. रक्कम मोठी नव्हती. पण काउंटरवर तिला सांगण्यात आलं, की नर्मदा आणि स्नेहल ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. नियम बरोबर होता. असं प्रतिज्ञापत्र मी स्वतः शेकडो बायकांकडून मागून घेतलं होतं. त्या दिवशी मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. स्टॅम्प पेपर झाला, साक्षीदार झाले. मग तिला जुन्या नावानं सही करायला सांगितली. तिनं पेन घेतलं, क्षणभर थांबली आणि सही केली. नमुना सहीच्या कार्डावरची कॉलेजातल्या मुलीची सही आणि आठ वर्षांनी, दोन मुलांच्या आईनं केलेली ती सही तंतोतंत जुळली. मी आयुष्यात हजारो सह्या ताडून पाहिल्या आहेत. इतकी जुळणारी सही पाहून इतका शरमलो तो तेवढ्याच वेळी.

असो. इरावतीबाईंकडे परत येऊ.

लग्नानंतर दिनकररावांनी ठरवलं, की इरूनं जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी. ते स्वतः तिथे शिकून आले होते. स्त्रीशिक्षणासाठी हयात घालवणाऱ्या सासऱ्यांनी मात्र या बेताला विरोध केला. मोठ्या माणसांतही अशा गाठी असतात. पण नवरा ठाम राहिला, जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळालं आणि १९२८ च्या अखेरीस बाई बर्लिनला पोहोचल्या. तिथल्या मानववंशशास्त्राच्या नामांकित संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांतले ते एक मोठे नाव. पुढे नाझींनी त्यांच्या विचारांचा मनमुराद उपयोग केला. फिशरांचा तर्क असा होता, की गोऱ्या लोकांच्या कवटीच्या दोन बाजूंत जी असमानता असते ती त्यांच्या बुद्धीच्या वरचढपणाची खूण आहे. हा तर्क तपासण्याचं काम या विशीतल्या हिंदुस्थानी मुलीला मिळालं. तिनं युरोपातल्या आणि युरोपाबाहेरच्या मिळून १४९ कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहून दिलं, की असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. परका देश, डोक्यावर कर्ज, पदवी ज्यांच्या हातात त्या गुरूंच्याच मताविरुद्धचा निष्कर्ष. तरी आकडे जे सांगत होते तेच लिहिलं. दोन वर्षांनी डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या.

कवटीला नाव नसतं. ती कुणाची मुलगी, कुणाचा भाऊ, हे मोजपट्टीला कळत नाही. कदाचित म्हणूनच पुढे बाईंचं मन हाडांकडून माणसांच्या नात्यांकडे अधिकाधिक वळलं असावं, असा माझा आपला कादंबरीकाराचा कयास.

१९३१ ते १९३६ त्यांनी सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात प्रशासनाचं काम पाहिलं. १९३९ साली डेक्कन कॉलेजात त्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या आणि उरलेलं आयुष्य तिथेच रमल्या. १९४७ च्या सायन्स काँग्रेसमध्ये मानवशास्त्र विभागाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. पण त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे एसटीचा थांबा, धर्मशाळा, आदिवासी पाडा, बाजार. मापं घेत, प्रश्न विचारत त्या ओरिसा, मलबार, कूर्ग असा देश हिंडल्या. घरी तीन मुलं, जाई, आनंद आणि गौरी. आई दौऱ्यावर असली की वडील घर बघत. आज आपण हे सहज बोलतो. तेव्हा ते पुण्याला पचायला जड होतं.

१९५३ साली त्यांचा नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ आला. भारताच्या उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व अशा चार विभागांत माणसं एकमेकांना काय म्हणतात, याचा तो धांडोळा आहे. विषय रुक्ष वाटतो, पण आपल्या घरातलं एक उदाहरण घ्या. आपल्याकडच्या जुन्या सुना सासूला आत्याबाई म्हणत. का? कारण मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे होती, आणि तशा लग्नात सासू ही मुलीची खरोखरच आत्या असे. रीत मागे पडली तरी हाक टिकून राहिली. उत्तरेकडे असं लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचं, आणि आपण मधले. एका हाकेत एवढा इतिहास दडलेला असतो, हे बाईंनी दाखवून दिलं. बँकेत वारसांची नावं आणि नाती लिहून घेताना मी हे कधी मनात आणलं नव्हतं. ग्रंथ वाचल्यापासून वारसाच्या रकान्याकडे मी निराळ्या नजरेनं पाहू लागलो.

आणि याच विदुषी मराठीत लिहायला बसल्या की समोर बसून गप्पा मारल्यासारखं लिहीत. 'परिपूर्ती', 'भोवरा', आणि त्यांच्या पश्चात आलेलं 'गंगाजल' हे संग्रह आजही ज्यांनी वाचले नसतील त्यांनी जरूर मिळवावेत. वारीबरोबर त्या पंढरपूरला चालत गेल्या. एकाच दिंडीत जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात हे पाहून व्यथित झाल्या, आणि तरीही ज्या भूमीचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी या राज्याची नवी व्याख्या त्यांना त्याच वाटेवर सापडली. देव मानण्याबद्दल त्यांचा स्वतःशीच वाद होता, पण विठोबाचं वेड सुटत नव्हतं. एका लेखात तर त्यांनी विठोबाला थेट बॉयफ्रेंड म्हणून टाकलं आहे. नाव देण्याची मक्तेदारी पुरुषांची आणि पुरोहितांची. बाईंनी देवालाच नवं नाव देऊन ती मोडली.

सासऱ्यांवरही त्यांनी लिहिलं, भक्तीनं आणि तितक्याच स्पष्टपणे. अशा माणसाची सून होणं भाग्याचं आणि बायको न होणं त्याहून भाग्याचं, अशा आशयाचं त्यांचं म्हणणं प्रसिद्धच आहे. मला ते वाचताना दर वेळी गोदूबाई आठवतात.

१९६७ साली 'युगान्त' आलं. महाभारतातल्या माणसांना देवपणाच्या चौथऱ्यावरून उतरवून त्यांनी माणसांसारखं तपासलं. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. मराठीसाठी हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. या वेळी पुस्तक वाचताना माझं लक्ष भलतीकडेच गेलं. महाभारतातल्या या थोर बायकांची नावं पाहा. गांधारी म्हणजे गांधार देशाची मुलगी. माद्री मद्र देशाची. द्रौपदी द्रुपदाची, तिचं स्वतःचं नाव कृष्णा. कुंती ही कुंतिभोजाला दत्तक गेली म्हणून कुंती; तिचं नाव पृथा. गांधारीचं स्वतःचं नाव काय, ते तर आपण कधी विचारतही नाही. बापाच्या, देशाच्या, पालकाच्या नावानं या बायका हजारो वर्षं ओळखल्या गेल्या. आणि त्यांच्या मनात डोकावून पाहणारी लेखिका कोण, तर जन्माचं नाव सासरी न बदललेली बाई. मला हा योग फार अर्थपूर्ण वाटतो.

पण बाईंच्या मनात या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ नव्हतं. 'परिपूर्ती' हा त्यांचा लेख आठवा. एका समारंभात त्यांची ओळख करून दिली जाते. अमक्यांची कन्या, महर्षींची सून, प्राचार्य कर्व्यांची पत्नी, स्वतः विद्वान. सगळं खरं, तरी त्यांना काहीतरी अपुरं वाटत राहतं. मग रस्त्यानं जाताना शाळकरी पोरांतला एक जण दुसऱ्याला सांगतो, की ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई चालली आहे. आणि बाईंना वाटतं, आता ओळख पुरी झाली.

या लेखावर पुष्कळांनी नाक मुरडलं. एवढी शिकलेली बाई, आणि तिची परिपूर्ती शेवटी कुणाची तरी आई होण्यातच? मलाही तरुणपणी तसंच वाटलं होतं. आता वाटत नाही. पोराच्या तोंडची ती ओळख गोड लागते, कारण ऐकणारी बाई मुळात इरावती आहे. कन्या, सून, पत्नी, आई ही नाती तिच्या नावाला येऊन मिळालेली आहेत, जशा नदीला उपनद्या मिळतात. नदी मोठी होते, तिचं नाव जात नाही. माझ्या बायकोचं काय झालं? तिलाही ही सगळी नाती मिळाली, पण मूळ प्रवाहाचं नावच मी तांदळावर खोडून टाकलं.

शेवटच्या वर्षांतलं बाईंचं एक काम कमी ठाऊक आहे. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी आणि जाई निंबकरांनी, म्हणजे आई आणि लेकीनं मिळून केली. १९६९ साली ती प्रसिद्ध झाली. नदीकाठची गावं पाण्याखाली गेल्यावर माणसांचं आणि नात्यांचं काय होतं, हे त्यांनी घरोघर जाऊन विचारलं. त्यानंतर वर्षभरातच, चौसष्टाव्या वर्षी, पुण्यात झोपेतच त्यांचा शेवट झाला. एका नदीच्या काठी सुरू झालेलं आयुष्य दुसऱ्या नदीच्या माणसांची दखल घेऊन संपलं. जाई आणि गौरी या दोघी लेकी पुढे लेखिका म्हणून नावारूपाला आल्या, तर मुलगा आनंद शास्त्रज्ञ म्हणून.

हे सगळं मी त्या दिवशी फोनवर सांगितलं नाही; एवढं कोण ऐकून घेणार? थोडक्यात अर्थ सांगितला, नदी सांगितली, बाई सांगितल्या. पलीकडे शांतता होती. मग आमच्या घरातूनच, माझ्या पाठीमागून, बायको बोलली. नाव पूर्ण ठेवा, म्हणाली. हाक मारायला इरू म्हणा, इरा म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण कागदावर पूर्ण लिहा. आणि पुढे मोठी झाल्यावर कुणी तिचं नाव बदलायला निघालं तर आधी तिला विचारा. तिचा आवाज चढलेला नव्हता. ती माझ्याकडे पाहतही नव्हती.

बारसं थाटात झालं. माझ्या मुलीनं, म्हणजे बाळाच्या आत्यानं, पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं. घुगऱ्या वाटल्या गेल्या. संध्याकाळी जन्मनोंदणीच्या फॉर्मवर मी स्वतः, बँकेतल्या जुन्या सवयीनं, एकेक अक्षर सुटं आणि ठसठशीत लिहिलं.

साताऱ्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्वयंपाकघरात होती. मी दारात उभा राहिलो आणि हाक मारली, नर्मदा. ती वळली नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा मारली. तेव्हा वळली, आणि कोणी पाहुणं आलंय का म्हणून माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहू लागली.

जवळजवळ चाळीस वर्षांची सवय एका सकाळी कशी मोडणार? मी रोज एकदा तरी हाक मारतो. आता ती तिसऱ्या हाकेपर्यंत थांबत नाही.